गप्प माणसांविषयी काही पत्रं

या अंकासाठी एकाच धाटणीची पत्रं निवडली आहेत. लिहिणारे कुणी स्वतः अबोल आहेत, तर कुणाच्या घरात अबोल माणूस आहे. तक्रार फिरून एकाच जागी येते, की गप्प बसण्याचा भलताच अर्थ लावला जातो. पत्रं थोडक्यात दिली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

प्रश्न : मी एका कंपनीत हिशेब तपासणीच्या विभागात आहे. कामात चूक निघत नाही, मुदत टळत नाही. तरी या वर्षीच्या मूल्यमापनात ‘टीममध्ये मिसळत नाही, मीटिंगमध्ये सहभाग नाही, नेतृत्वगुण वाढवावेत’ असा शेरा आला आणि माझ्यानंतर लागलेल्या सहकाऱ्याला बढती मिळाली. मीटिंगमध्ये मला मुद्दा सुचतो, पण तो मनात नीट जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. दुपारच्या सुट्टीत मी अर्धा तास एकटी बसते, नाहीतर संध्याकाळपर्यंत डोकं चालत नाही. त्यावरून मला शिष्ट म्हणतात, हे परवा कानावर आलं. मध्यंतरी ऑफिसने सगळ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली, त्यात मी अंतर्मुख निघाले. साहेब म्हणाले, ‘बघा, मी म्हणतच होतो.’ मी स्वभाव बदलायला हवा का?

उत्तर : ‘बघा, मी म्हणतच होतो’ हे वाक्य मला फार खटकलं, म्हणून आधी त्या चाचणीबद्दलच सांगते.

अंतर्मुख आणि बहिर्मुख ही जोडी जगभर रुळली ती स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांच्यामुळे. व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांवरचा त्यांचा ग्रंथ १९२१ साली आला. त्यांना सांगायचं होतं ते मनाच्या ओढीबद्दल. काहींचं लक्ष आपसूक बाहेरच्या माणसांकडे आणि घडामोडींकडे धावतं, तर काहींचं त्या घडामोडींमुळे स्वतःच्या आत जे उमटतं तिकडे वळतं. माणूस पूर्णपणे एकाच बाजूचा असतो, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. पुढे अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी युंगच्या कल्पनेवरून एक प्रश्नावली तयार केली. ती आकाराला आली दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. उत्तरांवरून प्रत्येकाला चार अक्षरं मिळतात आणि त्यांतून माणसांचे सोळा प्रकार होतात. तुमच्या ऑफिसने दिली ती बहुधा हीच, किंवा हिच्यावर बेतलेली एखादी.

तिची अडचण अशी, की ती माणसांना खान्यांत बसवते. अंतर्मुखता उंचीसारखी असते. फार उंच थोडे, फार बुटके थोडे आणि बाकी सगळे अधेमधे. त्यात कुठेतरी रेघ मारून वरचे ते उंच आणि खालचे ते बुटके असं ठरवलं, तर रेघेच्या बोटभर वर आणि बोटभर खाली असलेली दोन माणसं एकदम परकी ठरतात. म्हणूनच काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली की पुष्कळांचं एखादं तरी अक्षर बदलतं. आज संशोधक प्रामुख्याने पाच गुणांची मोजपट्टी वापरतात. बहिर्मुखता हा त्यातला एक गुण, कमीजास्त प्रमाणात प्रत्येकात असलेला. आणि तुमच्या साहेबांना एक गोष्ट नक्की सांगण्यासारखी आहे. नोकरीसाठी माणसं निवडताना ही चार अक्षरांची चाचणी वापरू नये, असं ती चाचणी सांभाळणारी संस्था स्वतःच सांगते. तिच्या आधारावर कुणाच्या बढतीबद्दल मान डोलावणं मला मान्य नाही.

आता शेऱ्याबद्दल. तुमच्या वहीत काय लिहिलेलं होतं, हे साहेबांनी पाहिलेलं नाही. त्यांना दिसलं ते तुमचं गप्प बसणं. गप्प माणसाबद्दल माहिती कमी मिळते, आणि कमी माहितीवर समाधान मानून कुणी थांबत नाही. उरलेली जागा जो तो आपल्याजवळचं घालून भरून काढतो. ज्याला स्वतःबद्दल शंका आहे त्याला वाटतं, ही मला कमी लेखते. ज्याचं काही चुकलंय त्याला वाटतं, हिला कळलेलं दिसतंय. वरिष्ठाला वाटतं, हिला रस नाही. तिघांनी तीन अर्थ लावले आणि त्यातल्या एकाचाही तुमच्याशी संबंध नाही. माझे थोरले बंधू फोनवर ‘बरं’, ‘हो’, ‘ठेवतो’ यापलीकडे फारसे जात नाहीत. ज्यांना सवय नाही त्यांना वाटतं, यांना फोन नकोच होता. पण मागच्या वेळी मी ओघात काढलेली दुखण्याची तक्रार पुढच्या फोनला त्यांच्या नेमकी लक्षात असते. ‘गुडघा?’ एवढंच विचारतात.

मी कामानिमित्त बऱ्याच मीटिंगांना निरीक्षक म्हणून बसते. शेवटी मीटिंग घेणारे विचारतात, ‘कुणाला काही?’ त्यांची नजर टेबलावरून एकदा फिरते. कोपऱ्यातली बाई वहीतल्या ओळीखाली रेघ मारते, पेनाला टोपण लावते, मान वर करते. तोवर लॅपटॉप मिटलेला असतो. हे सगळं दोन-तीन सेकंदांत घडतं आणि इतिवृत्तात नोंद होते, ‘कुणाचीही हरकत नाही’. सगळ्यांनी एकत्र बसून भराभर कल्पना मांडाव्यात या पद्धतीचं ऑफिसांना फार कौतुक असतं. पण १९५८ सालीच येल विद्यापीठात दिसून आलं होतं, की चार जण एकत्र बसून जेवढ्या कल्पना काढतात त्यापेक्षा तेच काम एकेकट्याने करणाऱ्या चौघांच्या कल्पनांची बेरीज बरीच मोठी भरते. १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबं या दोन संशोधकांनी त्याचं मुख्य कारण दाखवलं. एक जण बोलत असताना बाकीच्यांना आपला मुद्दा धरून थांबावं लागतं आणि तेवढ्यात तो निसटतो. तुमच्या बाबतीत होतं ते हेच. बोलक्या माणसांचंही होतं, फक्त ती निसटलेल्या मुद्द्याच्या जागी दुसरं काहीतरी बोलून टाकतात.

हे वाचून बढती परत येणार नाही, तेव्हा कामाचं बोलू. मीटिंगचे विषय आदल्या दिवशी मागून घ्या. ‘मला आकडे पाहून यायचंय’ हे कारण पुरेसं आहे, आणि खरंही. तुमचा मुद्दा आदल्या संध्याकाळीच चार ओळींत मीटिंग घेणाऱ्याला पाठवून ठेवा. मग तो तुमच्या नावाने आधीच पोचलेला असतो आणि तुम्हाला फक्त ‘मी पाठवलेल्या मुद्द्याबद्दल’ एवढं म्हणायचं उरतं. पहिल्या दहा मिनिटांत काहीतरी बोला, साधा प्रश्न विचारलात तरी चालेल. उशीर होईल तसतसं पहिलं वाक्य जड होत जातं. विषय पुढे गेला असेल तर खुशाल मागे आणा. ‘मघाच्या मुद्द्यावर एक राहिलं’ असं म्हणणाऱ्या माणसाला कुणी उद्धट म्हणत नाही. आणि पुढच्या मूल्यमापनाच्या आधी, गेल्या वर्षभरात तुम्ही पकडलेल्या चुका आणि त्यामुळे टळलेलं नुकसान याची पानभर यादी साहेबांच्या हातात द्या. तुमचं काम आपोआप दिसेल ही आशा आता सोडायला हवी.

दुपारचा अर्धा तास मात्र सोडू नका. तो कशासाठी आहे, हे जवळ बसणाऱ्या दोघी-तिघींना एकदा सांगून टाका. ‘दुपारी जरा एकटं बसलं की मला बरं वाटतं, तुमच्यावर राग नाही. संध्याकाळी निघताना हाक मारा, बरोबर जाऊ.’ याची खरंच गरज आहे का, असं तुम्हाला वाटेल, कारण तुमच्या मनात राग नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यांना ते ठाऊक नाही. तुमच्या गप्प बसण्याचा अर्थ लावला जाणारच आहे, तर तो तुम्हीच का सांगू नये?

स्वभाव बदलण्याचा प्रश्न उरला. माणसामाणसांतल्या या फरकात साधारण निम्मा वाटा अनुवंशाचा असतो, असं जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसतं. वागणं थोड्या वेळापुरतं बदलता येतं आणि त्यात तोटाही नाही. २०१३ मध्ये कॅनडातल्या संशोधकांना असं आढळलं, की गप्पागोष्टींत आपल्याला किती मजा येईल याचा अंदाज अंतर्मुख माणसं कमी बांधतात, प्रत्यक्षात त्यांना त्याहून जास्त मजा येते. पण २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियात काही जणांना आठवडाभर बहिर्मुखासारखं वागायला सांगितलं, तेव्हा एकूणात लोकांना बरं वाटलं तरी जे मुळात बरेच अंतर्मुख होते ते दमले, आणि हे वागणं आपलं नाही असं त्यांना वाटत राहिलं. मी यातून घेते ते इतकंच, की महत्त्वाच्या तासाभरासाठी जोर लावा आणि मग स्वतःला सुट्टी द्या. नेतृत्वाचं म्हणाल, तर २०११ साली ॲडम ग्रँट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं आहे, की हाताखालची माणसं स्वतःहून सूचना करणारी असतील तर अंतर्मुख वरिष्ठाच्या गटाचं काम उलट जास्त चांगलं होतं. तो त्यांचं ऐकून घेतो. पुढच्या वेळी ‘नेतृत्वगुण वाढवावेत’ असं कुणी म्हणालं, तर कोणते आणि कुठल्या प्रसंगावरून ते वाटलं, हे शांतपणे विचारा. तुमच्या आवाजात विचारलंत तरी चालेल.

प्रश्न : अंतर्मुख माणसं जास्त हुशार आणि खोल असतात, हे खरं ना?

उत्तर : नाही. बुद्धीचा या गुणाशी म्हणावा असा संबंध नाही. गप्प माणसांवर अन्याय होतो म्हणून बोलक्यांना उथळ ठरवायचं, हा दुसरा अन्याय झाला. समोरच्याला बोलतं करून त्याची भीड घालवणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्यावाचून कित्येक अबोल माणसं आयुष्यभर एकेकटी राहिली असती.

प्रश्न : मुलगा अंतर्मुख आहे आणि विक्रीच्या नोकरीत जायचं म्हणतो. टिकेल का?

उत्तर : टिकेल. वर उल्लेख केलेल्या ग्रँट यांनीच एका कॉल सेंटरमधल्या ३४० विक्री प्रतिनिधींची तीन महिन्यांची कामगिरी तपासली होती, तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. अतिशय बोलके आणि अतिशय अबोल यांच्या विक्रीत फारसा फरक नव्हता. सगळ्यांत पुढे होते ते मधले. गिऱ्हाइकाचं ऐकूनही घ्यावं लागतं आणि वेळेला ठामपणे सांगावंही लागतं. त्यातलं ऐकणं तुमच्या मुलाला येतं, सांगणं सरावाने येईल. ही वाट त्याने स्वतः निवडली आहे, हे मला सगळ्यांत चांगलं लक्षण वाटतं. त्याच्या देखत ‘याला जमेल का’ हा प्रश्न मात्र काढू नका.

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा आहे. घरी त्याचं तोंड थांबत नाही. शाळेत विचारलं तरच बोलतो, तेही हळू. बाई म्हणतात, आत्मविश्वास कमी आहे, कुठल्यातरी शिबिराला घाला. पाहुणे आले की माझ्या मागे उभा राहतो. त्याचे काका सगळ्यांसमोर विचारतात, ‘मुका आहेस का रे?’ मी ‘लाजाळू आहे हो तो’ म्हणून वेळ मारून नेते. त्याला धीट कसं करू?

उत्तर : ‘लाजाळू आहे हो तो’ हे आजपासून बंद. तो तुमच्या मागेच उभा असतो, म्हणजे प्रत्येक वेळी ते ऐकतो. आईने चारचौघांत सांगितलेलं मूल खरं मानतं. त्याऐवजी ‘त्याला थोडा वेळ लागतो, मग येईल बोलायला’ असं म्हणा. हे खरंही आहे, आणि त्यात त्याला पुढे यायला जागा राहते.

काकांना बाजूला घेऊन सांगा. मुलाशी बोलायचं असेल तर त्याच्यासमोर उभं राहून प्रश्न विचारायचे नाहीत. त्याच्या शेजारी जमिनीवर बसायचं, त्याच्याकडे न बघता त्याच्या खेळण्यांकडे बघायचं, एखादी गाडी उचलून तिचं चाक उलटं फिरवून बघायचं. थोड्या वेळाने बारीक आवाज येतो, ‘ती तशी नाही चालत.’ माझ्याकडे येणारी बहुतेक अबोल मुलं अशीच बोलायला लागतात, काहीतरी दुरुस्त करण्यासाठी. एकदा गाडी कशी चालते ते दाखवायला लागला की काकांना मध्ये बोलायला जागा मिळणार नाही.

हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांचा अभ्यास केला होता. त्यांना हलती खेळणी दाखवली, अनोळखी आवाज ऐकवले, उग्र वास दिला. साधारण पाचांतलं एक बाळ हातपाय झाडून रडायला लागलं. मोठी होताना यातली बरीच मुलं नव्या माणसांत आणि नव्या जागी बुजरी, सावध राहिली. सगळी नाही, पण बरीच. थोडक्यात, काही मुलांच्या मज्जासंस्थेला नवं काहीही इतरांपेक्षा जास्त जाणवतं आणि ते पाळण्यात असल्यापासूनच असतं. तुमच्या वाढवण्यात काही कमी राहिलं, असं मनात असेल तर ते काढून टाका.

बाईंशी बोलताना मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांच्या कामाचा उल्लेख जरूर करा. त्यांनी १९७० च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती सेकंदांच्या हिशेबाने तपासल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी १ सेकंदाच्या आसपासच थांबत होते. तेच थांबणं ३ सेकंदांवर नेलं, तर उत्तरं लांब आणि विचारपूर्वक यायला लागली आणि एरवी गप्प असणारी मुलं आपणहून बोलायला लागली. फक्त दोन सेकंदांचा फरक! शिबिराला पैसे आणि सुट्टी घालवण्याआधी हे करून बघण्यासारखं आहे. शिवाय ‘उद्या मी तुला हा प्रश्न विचारणार आहे’ असं बाईंनी आदल्या दिवशी त्याच्या कानात सांगितलं, तर तो घरून उत्तर तयार करून येईल. पहिल्यांदा मोठ्याने बोलून दाखवलं की दुसरी वेळ सोपी जाते.

एक गोष्ट तपासून पाहा. तो शाळेत हळू का होईना बोलतो, हे चांगलं आहे. घरी भरभरून बोलणारं मूल शाळेत एक शब्दही उच्चारत नसेल आणि पहिल्या नवलाईचा महिना सोडून हे महिनाभराहून जास्त चाललं असेल, तर त्याला निवडक मौन म्हणतात. ती चिंतेशी जोडलेली अडचण आहे आणि तिच्यावर लवकर उपचार केले तर चांगला गुण येतो. तुमच्या पत्रावरून मला तसं वाटत नाही. शंका वाटली तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फोन वाजला की छातीत धडधडतं, मी उचलत नाही. हजेरीला ओ द्यायची म्हटलं तरी घसा कोरडा पडतो. मैत्रिणींचा ग्रुप आहे, त्यांच्यात जावंसं खूप वाटतं, पण निघायच्या आधी काहीतरी कारण काढून नाही म्हणते आणि रात्री त्यांचे फोटो बघत रडते. मी इंट्रोव्हर्ट आहे असं सगळ्यांना सांगून ठेवलंय. घरचे म्हणतात, स्वभाव आहे, चालायचंच. मला असं राहायचं नाही.

उत्तर : तुझं शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. पहिल्या पत्रातल्या, ऑफिसात काम करणाऱ्या ताईंना एकटं बसलं की बरं वाटतं. तुला एकटं राहिलं की रडू येतं. बाहेरून दोघी सारख्याच दिसता, तुझ्या घरच्यांनाही त्यामुळेच फरक कळलेला नाही. पण माणसांची ओढ कमी असणं वेगळं आणि ओढ असूनही भीतीने पाय अडणं वेगळं. चीक आणि बस या अमेरिकन संशोधकांनी १९८१ मध्येच या दोन गोष्टी वेगवेगळ्या करून दाखवल्या होत्या, आणि अनोळखी माणसाशी बोलताना सर्वांत जास्त ताण अशांच्याच वागण्यात दिसला ज्यांना माणसं हवीही होती आणि ज्यांची भीडही मोठी होती. तुझ्यासारख्यांच्या.

तू लिहिलेली लक्षणं सामाजिक चिंतेशी जुळतात. लोक आपल्याला तपासताहेत, आपलं हसं होईल या भीतीने साध्यासाध्या गोष्टी टाळल्या जात असतील आणि हे सहा महिने किंवा त्याहून जास्त चाललं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ त्याला आजार मानतात. १९८० पासून तो अमेरिकन निदानपुस्तिकेत नोंदलेला आहे. निदान पत्रावरून होत नसतं, त्यासाठी प्रत्यक्ष भेटावं लागेल. पण आजार म्हटल्याने घाबरू नकोस, यात दिलासाच आहे. स्वभावाला औषध नसतं, याला आहे. विचार आणि वर्तन यांवर काम करणारी उपचारपद्धती यात चांगली उपयोगी पडते. त्यात तुला ज्याची भीती वाटते ते एकदम करायला लावत नाहीत. पायरी पायरीने नेतात, आधी ओळखीच्या माणसाला ठरवून फोन, मग दुकानात फोन करून काहीतरी विचारणं, मग पुढचं.

‘इंट्रोव्हर्ट आहे’ असं सांगून ठेवल्याने तुझी सुटका झाली, पण मैत्रिणींना वाटायला लागलं की हिला आपण नको आहोत. त्यातल्या सर्वांत जवळच्या एकीला खरं सांगून बघ. ‘मला यायचं असतं, ऐन वेळी भीती वाटते, पुढच्या वेळी मला घ्यायला घरी येशील?’ एवढा निरोप लिहून पाठवलास तरी पुरे. आणखी एक सांगते. गप्पा संपल्यावर ‘आपण किती वाईट बोललो’ असं जे वाटतं ना, ते बहुतेक वेळा चुकीचं असतं. २०१८ मध्ये एका संशोधनात अनोळखी माणसांच्या जोड्यांना बोलायला बसवलं आणि नंतर दोघांना वेगवेगळं विचारलं. आपण समोरच्याला किती आवडलो याचा अंदाज लोकांनी खऱ्यापेक्षा कमी बांधला होता. भिडस्त माणसांत ही तफावत आणखी मोठी होती.

कॉलेजात समुपदेशक असतील तर या आठवड्यात त्यांची वेळ घे. बोलायला जमणार नाही असं वाटलं तर हेच पत्र त्यांच्या हातात दे, त्यात सगळं आलेलं आहे. आणि ते घरच्यांनाही दाखव.

प्रश्न : लग्नाला नऊ वर्षं झाली. आमचं कशावरून वाजलं की बायको गप्प होते. मी विचारत राहतो, ‘काय झालं, बोल ना.’ ती म्हणते, ‘काही नाही.’ रात्र तशीच जाते. दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी असते, मी मात्र रात्रभर जागा असतो. आमच्या घरी सगळे तिथल्या तिथे भांडून मोकळे व्हायचे. हे गप्प राहणं मला शिक्षेसारखं वाटतं. ती असं का करते?

उत्तर : तिचं काय चाललेलं असतं ते तीच सांगू शकेल. पण जोडपी माझ्यासमोर बसतात तेव्हा मी काय पाहते, ते सांगते. मी बायकोला प्रश्न विचारते. ती खाली बघते, हातातली रुमालाची घडी मोडते, पुन्हा घालते. ओठ हलतात. एवढ्यात शेजारून नवरा म्हणतो, ‘तिला म्हणायचंय की…’ आणि ती तोंड मिटून मान हलवते. त्याला वाटतं आपण मदत केली. त्याने सांगितलेलं निम्मं बरोबर असतं, आणि उरलेलं निम्मं कायमचं राहून जातं. जोडी उलटी असली, म्हणजे नवरा अबोल आणि बायको बोलकी असली, तरी चित्र हेच असतं.

काही माणसांना राग आला की शब्द सुचतात, काहींचे जातात. ज्यांचे जातात त्यांना आधी एकटं बसून, काय झालं आणि आपल्याला नेमकं काय लागलं याचा उलगडा करावा लागतो. त्या वेळात कुणी ‘बोल ना’ म्हणत राहिलं की उलगडा थांबतो आणि ‘काही नाही’ बाहेर पडतं. ते ‘मला सोड’ या अर्थी असतं, तुम्हाला ऐकू येतं ते ‘तू मला नकोस’ असं. तुमच्या घरात गप्प होणं म्हणजे संबंध तोडणं असेल, तिच्या घरात ते भांडण वाढू न देणं असेल. तुम्ही दोघं एकमेकांच्या घरात वाढलेले नाही.

शब्द मागू नका, वेळ मागा. ‘आत्ता नको, ठीक. कधी बोलायचं?’ तिने ‘उद्या सकाळी’ म्हटलं तर त्या रात्री विषय बंद आणि तुम्ही झोपायचं. तिच्याकडूनही एक गोष्ट लागेल. गप्प होण्याआधी ‘चिडलेय, उद्या बोलते’ एवढं तिने म्हणायला हवं आणि सकाळी स्वतःहून विषय काढायला हवा. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं वागल्याने तिचा राग गेला असेल, तुमची रात्र गेली त्याचं काय? हे तिला भांडण नसतानाच्या एखाद्या संध्याकाळी सांगा. तिला बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं जात असेल तर लिहू द्या. एकाच घरात राहून चिठ्ठी लिहिण्यात काही वावगं नाही.

यात एक वेगळी शक्यताही असते आणि ती झाकून ठेवणं बरोबर नाही. दिवसच्या दिवस अबोला, समोरचा माफी मागेपर्यंत किंवा म्हणणं मान्य करेपर्यंत, हा स्वभाव नव्हे. ते समोरच्याला वाकवणं आहे, मग करणारा अंतर्मुख असो की बहिर्मुख. तुम्ही लिहिलंय ती एका रात्रीची गोष्ट आहे, म्हणून मी तिकडे गेले नाही. चित्र तुम्ही लिहिलंय त्यापेक्षा वेगळं असेल, तर दोघं मिळून समुपदेशकाकडे जा.

ठरलेल्या वेळी ती बोलायला लागली आणि मध्येच थांबली, तर तिचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. बराच वेळ गेला तरी. पहिल्या एकदोन खेपांना काय झालं ते मला कळवा, आणि तिला हरकत नसेल तर तिच्याही चार ओळी पत्रात असू द्या.